लिनिया टी-जेट, अबार्थ पुंटो आणि रोजच्या गाडीचा मोठा टर्बो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फियाटच्या रांजणगाव कारखान्यातून बाहेर पडलेल्या १.४ लिटर टी-जेट (टर्बो पेट्रोल) गाड्यांचे मालक संख्येनं थोडे, पण प्रश्न विचारण्यात दांडगे. गाडी रोज ऑफिसला न्यायची, शनिवारी घाटात पळवायची, टर्बो मोठा हवा आणि गॅरेजचं तोंड मात्र बघायचं नाही, असा बहुतेकांचा नवस असतो. वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं १३६८ सीसीच्या या एका इंजिनाची आहेत. गाडी दुसरी असेल तर थेट प्रश्न १६ वर जा.

१. टर्बो बदलतात म्हणजे नेमकं काय करतात? बोल्ट काढून मोठा बसवला की झालं?

नाही. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. कंपनीनं दिलेला आयएचआयचा टर्बो लहान आहे. तो लवकर फिरायला लागतो म्हणून शहरात छान वाटतो, पण ४५०० आरपीएमच्या पुढे त्याला हवा पुरवता येत नाही. मोठ्या चाकाचा टर्बो वरच्या आरपीएमला जास्त आणि तुलनेनं थंड हवा देतो, मात्र जागा व्हायला थोडा उशीर लावतो.

हवा वाढली की पेट्रोल वाढलं पाहिजे आणि ठिणगीची वेळही बदलली पाहिजे. बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) किती ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर ठरवतो, आणि त्यातला जुना मॅप (पेट्रोल, ठिणगी आणि बूस्टचे तक्ते) नव्या टर्बोला ओळखत नाही. म्हणून टर्बो, इंजेक्टर, प्लग आणि मॅप हे एकच काम समजा. चौघांपैकी तीनच करायचे पैसे असतील तर सध्या एकही करू नका.

२. माझी लिनिया ११४ पीएसची आहे. स्टॉक, म्हणजे कंपनीच्याच टर्बोवर फक्त रीमॅप करून भागणार नाही का?

बहुतेकांचं भागतं, आणि हे पटल्यावर निम्मे लोक पुढचे प्रश्न वाचत नाहीत. हेच इंजिन फियाटनं भारतात ११४, १२५, १४० आणि १४५ पीएसमध्ये विकलं. कंपनीनं लिनियामध्ये बरंच काही राखून ठेवलं होतं. चांगला रीमॅप आणि तंदुरुस्त गाडी एवढ्यावर ओव्हरटेकचा त्रास संपतो. टर्बो त्यांनीच बदलावा ज्यांना ४५०० ते ६००० आरपीएममधला कोमटपणा खटकतो. रोज हडपसर ते हिंजवडी करणाऱ्याची गाडी त्या टापूत जातेच कधी?

३. रोजच्या वापरात किती पीएसपर्यंत जावं? कोणी २०० म्हणतं, कोणी १६०.

पीएस (पॉवर) विचारू नका, टॉर्क (फिरवण्याचा जोर) विचारा. इथेच सगळी गंमत आहे.

अबार्थ पुंटोचा कमाल टॉर्क २१२ न्यूटन मीटर, पॉवर ५५०० आरपीएमला १४५ पीएस. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, तेव्हा उलटा हिशेब केला तर ५५००ला टॉर्क उरतो साधारण १८५. लिनिया टी-जेट आणखी खाली येते: कमाल २०७, पण ५०००ला ११४ पीएस म्हणजे जेमतेम १६०. लहान टर्बो वर पोचेपर्यंत दमलेला असतो.

आता मोठ्या टर्बोनं ५५०० आरपीएमला २१७ न्यूटन मीटर टिकवून धरला, तर तेच १७० पीएस होतात. म्हणजे अबार्थचा मूळचा कमाल टॉर्क फारसा न वाढवता २५ पीएस जास्त मिळाले. क्लच, गिअर, कनेक्टिंग रॉड यांना मार बसतो तो टॉर्कचा, त्यातही २०००-२५०० आरपीएमला एकदम येणाऱ्या टॉर्कचा. लोक नेमकं उलटं मागतात: "खाली धक्का बसला पाहिजे." तो धक्का सीटच्या पाठीला बसतो तसाच तिसऱ्या गिअरच्या दातांनाही बसतो.

माझी मर्यादा सांगतो: पॉवर १६५ ते १७५ पीएस, टॉर्क २३० न्यूटन मीटरपर्यंत, आणि तो पूर्ण टॉर्क २८०० आरपीएमच्या आधी मागायचा नाही. युरोपात अबार्थ ५९५ कॉम्पेतित्सिओने याच इंजिनावर १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देत होती, तीही कंपनीच्या वॉरंटीसह. तेव्हा १७० हे काही हवेतलं स्वप्न नाही. पण तिथली हवा थंड, पेट्रोल चांगलं आणि सुटे भाग त्या हिशेबानं निवडलेले. आपल्याकडे थोडं खाली थांबणं शहाणपणाचं. २०० पीएससाठी इंजिन उघडून रॉड-पिस्टन बदलण्याची तयारी हवी, आणि तशी गाडी रोज नेण्याची मी शिफारस करत नाही.

४. गॅरेटचा जीटी१४४६ घ्यावा की आहे त्याच टर्बोचा हायब्रिड करून घ्यावा?

जीटी१४४६ हा या इंजिनाच्या जास्त ताकदीच्या अबार्थ आवृत्त्यांमध्ये कंपनीनंच वापरलेला टर्बो आहे. त्यामुळे बसण्याच्या जागा, पाइप, वागणूक सगळं माहितीतलं. अस्सल आणि कागदपत्रांसह मिळाला तर पहिली पसंती त्यालाच. ड्युटी आणि वाहतूक धरून तो महाग पडतो, हे खरं.

हायब्रिड म्हणजे जुन्या घरातच मोठं कॉम्प्रेसर चाक आणि नवा मधला भाग. काम नीट झालं तर उत्तम पर्याय, आणि बाहेरून सगळं मूळच्यासारखं दिसतं. पण हा दांडा मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे मारतो. केसाएवढा तोल गेला तरी सील आणि बेअरिंग जातात. तेव्हा दुकानदाराला एकच विचारायचं: पूर्ण वेगावर बॅलन्सिंग करता का, आणि त्याचा छापील आलेख देता का? "आपल्याकडे हातानंच परफेक्ट होतं" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. ऑनलाइन मिळणारे बिनमार्क्याचे स्वस्त टर्बो कुठल्याही परिस्थितीत नकोत.

५. टर्बोच्या आधी गाडीचं काय काय करून घ्यावं?

आधी इंजिन या लायकीचं आहे का ते बघा. कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो आणि किती गळतो) करा. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास नसतील तर टर्बोचा विषय तिथेच थांबला.

मग टायमिंग बेल्ट. या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. आधीच्या मालकानं कधी बदलला ते कागदावर दिसत नसेल, तर बदललाच नाही असं धरून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदम नवे टाका. कूलंट, थर्मोस्टॅट, रेडिएटर फॅनचे दोन्ही वेग, होसपाइप, इंजिन माउंट हेही त्याच फेरीत. ही कामं कंटाळवाणी आहेत आणि मित्रांना दाखवण्यासारखं यात काही नाही, म्हणूनच ती राहतात. एकूण बजेटचा निम्मा भाग टर्बोखेरीज इतर गोष्टींना ठेवा.

६. क्लच आणि गिअरबॉक्स टिकेल का?

भारतातल्या लिनिया आणि अबार्थ पुंटोला सी५१० हा पाच गिअरचा बॉक्स आहे. युरोपातल्या ग्रांदे पुंटो अबार्थला वेगळा, सहा गिअरचा आणि जास्त दणकट बॉक्स होता. परदेशी लोकांचे आकडे वाचून आपल्या गाडीत आणताना हा फरक विसरला जातो. प्रश्न ३ मधली टॉर्कची मर्यादा मुख्यतः याच बॉक्ससाठी आहे.

क्लच तपासायला पाचव्या गिअरमध्ये २५०० आरपीएमवर पूर्ण रेस द्या. काटा वर पळाला पण गाडी तशी पळाली नाही, तर प्लेट घसरते आहे. बदलताना रोजच्या गाडीत ऑर्गॅनिक प्लेट आणि थोडी कडक प्रेशर प्लेट घाला. सिरॅमिकची रेसिंग प्लेट चांदणी चौकाच्या गर्दीत डाव्या पायाचा जीव काढते. गिअरबॉक्सचं तेल "लाइफटाइम" असतं ही समजूत सोडून द्या आणि तेही बदला.

७. इंटरकूलर बदलणं गरजेचं आहे का?

पुण्या-मुंबईच्या हवेत, हो. इंटरकूलर म्हणजे टर्बोतून तापून आलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी. ३५ अंशाची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती बाहेर पडते सुमारे १३० अंशांना. लहान टर्बोला त्याच्या क्षमतेबाहेर पळवून कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आणली तर जवळजवळ १४७. मोठ्या टर्बोचा कमी बोलला जाणारा फायदा हाच आहे. पुढे चांगला इंटरकूलर ही हवा ६०-६५ अंशांवर आणतो, पण फक्त गाडी पळत असताना. सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की तो स्वतःच तापतो आणि सुटल्यावरचे पहिले काही सेकंद गाडी मंद वाटते. बिघाड नाही तो. गरम हवेत ईसीयू ठिणगी मागे घेतो.

इंटरकूलर घेताना आकारापेक्षा त्याला समोरून मोकळी हवा मिळते का ते बघा. रेडिएटर पूर्ण झाकणारा भलामोठा इंटरकूलर लावून एसीसह वैशाखात अडकलात, तर एक दुखणं काढून दुसरं विकत घेतल्यासारखं होईल.

८. पेट्रोल कोणतं भरू? ई२० नं नुकसान होतं का?

ऑक्टेनच्या (अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेच्या) दृष्टीनं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, वाईट नाही. आधीच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता, ई२०चा ९५ आहे, आणि इथेनॉल बाष्प होताना सिलिंडर थंडही करतं. दुखणं दोन ठिकाणी आहे. एक, पेट्रोल जास्त लागतं: शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई२०ला सुमारे १३.५. तेवढ्याच हवेला इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहतात आणि मोठ्या टर्बोवर लवकर संपतात. पूर्ण लोडवर इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडे दिसले तर मोठे घाला. दोन, २०१०च्या आसपासच्या गाडीतले रबरी पाइप आणि सील ई२०साठी बनवलेले नव्हते, तपासून बदला.

इंडियन ऑइलचं एक्सपी१०० किंवा दुसऱ्या कंपन्यांचं तसं पेट्रोल चांगलंच. पण गाडीचा मॅप त्याच्यावर बांधू नका. कोकणात गणपतीला जाताना वाटेत ते मिळालं नाही की पंचाईत. मॅप साध्या पेट्रोलवर सुरक्षित हवा. महाग पेट्रोल ही वरची चैन.

९. टर्बो बसवताना मेकॅनिककडून कशाची खात्री करून घेऊ?

नवे टर्बो बहुतेकदा तेलाअभावी मरतात. तेल आणणारा पाइप आतून जळलेल्या तेलाच्या काजळीनं भरलेला असतो. तो साफ करण्याच्या भानगडीत न पडता नवा घ्या. पाइपाच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असेल तर तीही नवी. तेल परत नेणारा पाइप मोठा, कुठेही न दुमडलेला आणि सरळ खाली उतरणारा हवा. त्याच्या गॅस्केटला सिलिकॉन लावू देऊ नका: सुटलेला तुकडा वाट अडवतो, तेल सीलमधून बाहेर येतं आणि दोष टर्बोला जातो.

बसवण्याआधी टर्बोत हातानं तेल ओता. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, इंजिन सुरू होऊ न देता ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. जुना टर्बो तुटून गेला असेल तर इंटरकूलर आणि पाइप आतून धुऊन घ्या, नाहीतर धातूचे तुकडे नव्याची वाट बघत बसलेले असतात. पहिले हजार किलोमीटर झाले की ऑइल बदला.

१०. ट्यूनर (मॅप बनवणारा) म्हणतो मॅपची फाइल मेलवर पाठवतो. चालेल?

सुरुवातीची फाइल म्हणून चालेल, शेवटची म्हणून नाही. तुमच्या गाडीवर, तुमच्या पेट्रोलवर, शक्यतो दुपारच्या उन्हात लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरच्या नोंदी) घेऊन ती सुधारली गेली पाहिजे. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, नॉकिंगमुळे (पेट्रोलनं अवेळी पेट घेतल्यामुळे) मागे घेतलेली ठिणगी, फ्युएल ट्रिम (ईसीयूनं पेट्रोलमध्ये केलेलं कमीजास्त) आणि इंजेक्टर किती वेळ उघडे, एवढं तरी लॉगमध्ये हवं. ट्यूनरला "कमाल किती" न विचारता "नॉकिंग कुठे दिसलं आणि तिथे काय केलं" असं विचारा.

प्लग हीट रेंजमध्ये एक पायरी थंड घाला आणि गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. जास्त दाबात मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते.

११. ट्यून मुंबईत केला. महाबळेश्वरला गेल्यावर काही फरक पडेल?

पडतो, आणि हा चांगला प्रश्न फार कमी लोक विचारतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १.०१ बार, महाबळेश्वरला साधारण ०.८६. मॅपनं मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) एकूण २.१ बार मागितले असतील, तर मुंबईत टर्बोला हवा जेमतेम २.१ पट दाबावी लागते, महाबळेश्वरला जवळपास २.४ पट. म्हणजे दांडा कितीतरी जास्त वेगानं फिरतो आणि हवा जास्त तापते, तेही चढावर, पूर्ण लोडवर. म्हणून मॅपमध्ये बाहेरच्या दाबाप्रमाणे बूस्ट उतरवणारी सोय शाबूत आहे ना, हे ट्यूनरकडून वदवून घ्या. ती काढून टाकलेली गाडी मुंबईत वर्षभर निमूट चालेल आणि घाटात दगा देईल. पुणं मधल्या उंचीवर असल्यामुळे पुण्यात ट्यून केलेल्या गाडीला हा धोका थोडा कमी, शून्य नाही.

१२. ऑइल कोणतं, किती दिवसांनी? टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं यंत्र) लावू का?

पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, दर सात-आठ हजार किलोमीटरला, आणि गाडी कमी चालली तरी वर्षाला एकदा. फिल्टर प्रत्येक वेळी नवा. डिपस्टिक पंधरवड्यातून एकदा बघा.

टायमरची गरज नाही. खंडाळ्याचा घाट दणकून चढून लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर थाडकन इंजिन बंद करणं, हे टर्बोशी केलेलं वैर आहे. शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांत चालवले किंवा मिनिटभर आयडल ठेवलं की पुरे. सकाळीही तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत बूस्ट मागू नका. कूलंट गरम झालं तरी ऑइलला आणखी काही मिनिटं लागतात.

१३. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर पिकअप वाढतो ना?

थोडा. सोबत वास, आवाज आणि पीयूसीत नापास होण्याची खात्री. बीएस४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. चालू कन्व्हर्टर आणि नीट ट्यून असलेली गाडी यात सहज बसते, कन्व्हर्टरशिवाय मुश्कील. १७० पीएसला तो काढण्याची गरज नाही. जुना असेल तर तो जाम झाला नाही ना, एवढं मागचा दाब मोजून बघा.

१४. आरटीओ आणि विमा? खरं सांगा.

खरं असं, की हे कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचलं. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. "बाहेरून दिसत नाही" हा बचाव नाही.

विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाला सापडला, तर दावा अडकू शकतो. गाडी रोज रस्त्यावर असेल तर हे गणित टर्बोच्या किमतीइतकंच महत्त्वाचं. रस्त्यावर कंपनीच्या स्थितीतली गाडी आणि हौसेला ट्रॅक, हा सरळ मार्ग आहे. त्यापलीकडे जायचं की नाही हे ठरवताना डोळे उघडे ठेवा.

१५. टर्बो नवा, तरी निळा धूर येतो. टर्बो खराब निघाला का?

बहुधा नाही. आधी तेल परत नेणारा पाइप बघा (प्रश्न ९), मग क्रँककेसची हवा बाहेर काढणारा व्हॉल्व्ह आणि नळी. ती तुंबली की क्रँककेसमध्ये दाब साठतो, तेल खाली उतरू शकत नाही आणि टर्बोच्या सीलमधून वाट काढतं. धूर कधी येतो तेही सांगून जातं. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी एकदाच फुर्रकन सोडला तर व्हॉल्व्ह सील. बराच वेळ आयडल ठेवून रेस दिल्यावर आला तर टर्बो किंवा त्याचा पाइप. सतत आणि लोडवर वाढत गेला तर रिंग, आणि मग कॉम्प्रेशन टेस्ट आधी का केली नाही हा प्रश्न उरतो (प्रश्न ५).

१६. माझ्याकडे टी-जेट नाही. पोलो किंवा डिझेल स्विफ्ट आहे. हेच लागू होईल?

तत्त्वं तीच, अडथळे वेगळे. पोलो १.२ टीएसआयचा डीक्यू२०० डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे, तेव्हा तिथे आधी तो आकडा, मग टर्बो. शिवाय टीएसआय इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे कमी आरपीएमला जास्त बूस्ट देणं आणखी धोक्याचं.

१.३ डिझेल स्विफ्टच्या ७५ पीएस इंजिनावर ९० पीएसचा व्हीजीटी टर्बो लावण्याची टूम जुनी आहे. पण ७५ पीएसच्या टर्बोची पाती स्थिर असतात आणि व्हीजीटीची हलती, त्यांना हलवायचं कसं हे जुन्या ईसीयूला ठाऊकच नसतं. ईसीयू आणि वायरिंगसह पूर्ण संच मिळत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

१७. मोठा आवाज करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला तर टर्बोचं आयुष्य वाढतं म्हणतात?

आवाज वाढतो. मूळ व्हॉल्व्हही रेसवरून पाय काढल्यावर साठलेली हवा सोडतोच, फक्त ती परत आत नेतो. त्याचा पडदा जुना होऊन फाटतो आणि बूस्ट गळतो, तेव्हा तसाच हवा परत आत नेणारा पिस्टनचा व्हॉल्व्ह घ्या.

१८. पुढे गाडी विकायची झाली तर?

जुना टर्बो, इंजेक्टर, इंटरकूलर आणि ईसीयूची मूळ फाइल पहिल्याच दिवशी नावं लिहून, तेल लावून बांधून ठेवा. मेकॅनिकला "ठेव तुझ्याकडेच" म्हणू नका. सहा महिन्यांनी ते कुणाच्या तरी गाडीत असतात. फियाटची विक्री इथे केव्हाच थांबली आहे, त्यामुळे चालू स्थितीतला मूळ टर्बो गाडीची किंमत वाढवतो. विकताना गाडी मूळ स्थितीत आणा. ग्राहकाला आधीचे बदल आणि ते किती किलोमीटर चालले हे बिलांसकट सांगा. टी-जेट शोधत येणारा माणूस बॉनेट उघडून पहिली बघतो ती टर्बोच्या बोल्टांवरची पान्याची खूण.